सहाशे अडतिसावा दोरा

दवाखान्याच्या तळघरात एकतीस वर्षं कागदांच्या संगतीत काढलेली बाई कॉम्प्युटरचं नाव निघालं की डोळ्यांना रुमाल लावेल, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिची समजूत कशी काढायची, हेसुद्धा नर्सनी आपसात ठरवून ठेवलं होतं. दोरेबाईंनी सगळ्यांचा विरस केला. स्कॅनिंगची यंत्रं मंजूर झाल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही. दुखरा गुडघा घेऊन तळघरापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने गेल्या आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून बातमी सांगितली. एक्स-रेच्या दाराशी बसलेल्या एका अनोळखी पेशंटलाही सांगितली. आपला हात मोडलाय की नुसता मुरगळलाय, या काळजीत तो बिचारा होता. "बरं झालं," एवढंच म्हणाला.

बाईंना एवढा आनंद होण्यामागे अकरा वर्षांची खटपट होती. दर वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्या एक अर्ज करत: रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घ्यावं, कागदाला कसर लागते, शाई उडते, पेशंट टेबलावर झोपलेला असताना मी इथं स्टुलावर चढून फाईल शोधत असते. दर वर्षी उत्तर येई की, आपला अर्ज विचाराधीन आहे. अकरा अर्ज, अकरा उत्तरं. बाईंनी त्यांचीही एक फाईल केली होती.

दोरेबाई हे त्यांचं खरं आडनाव नव्हे, पण तो प्रश्न आता कुणाला पडतही नसे. वरच्या ऑफिसातून एकदा 'श्रीमती दोरे यांस' असं छापील पत्र आलं, तेव्हा बाईंनी 'मिळालं' म्हणून खाली सही ठोकून दिली होती. हे नाव चिकटलं ते त्यांच्या लाल दोऱ्यामुळे. एखाद्या पेशंटला एखादं इंजेक्शन सोसत नाही, नुसतं पुरळ उठत नाही तर जिवावर बेततं, अशा पेशंटच्या फाईलला बाई लाल दोरा बांधत. फाईलच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात दाभणाने आरपार भोक पाडायचं, सगळ्या कागदांतून दोरा ओवायचा, घट्ट गाठ मारायची आणि चार बोटं शेपटी बाहेर लोंबत ठेवायची. फाईल मांडणीत असो, टेबलावर असो, नाहीतर घाईघाईने कुणाच्या काखेत असो, शेपटी दिसणारच. आणि वॉर्डात नियम असा की, दोरा दिसला की आधी विचारायचं, मग सुई उचलायची. नव्या नर्सला पहिल्या दिवशी पाणी कुठं आहे, चप्पल कुठं काढायची, याच्याबरोबर हेही सांगितलं जाई. डॉक्टर वरून फोन करत, "बाई, अमुक नंबरला दोरा." "बांधते," बाई म्हणत आणि जेवता जेवता उठत.

ही पद्धत कशी सुरू झाली ते मात्र बाई कुणाला सांगत नसत. विचारलंच तर म्हणत, "सुचलं आपलं."

घरी त्यांच्या या दोऱ्याला काडीची किंमत नव्हती. घरात माणसं दोनच, बाई आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोन वर्षांच्या अंतराने गेले, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात दोघी जावाच उरल्या. जाऊबाईंचं वय त्र्याहत्तर, जीभ मात्र पंचविशीतली. बाई संध्याकाळी थकून आल्या की त्या म्हणायच्या, "आलं का भरतकाम आटोपून? आज किती टाके घातले?" बाई हसून सोडून देत. या जाऊबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि त्याचं ऑपरेशन बाईंच्याच दवाखान्यात ठरलं होतं, सोमवारी. सगळं रेकॉर्ड कॉम्प्युटरवरून चालू होणार, तोही तोच सोमवार. आणि महिनाअखेर बाई निवृत्त होणार होत्या.

"मुहूर्त बरा साधलास," जाऊबाई म्हणाल्या. "तुझ्या यंत्राची पहिली परीक्षा माझ्या डोळ्यावर!"

तर दीड महिन्यापूर्वी यंत्रं आली. त्यांच्याबरोबर एक इंजिनिअर बाई आल्या. पस्तिशीच्या, केस आखूड, चष्मा कायम कपाळावर, आणि यंत्राशी बोलायची सवय. "खा, राजा, खा," म्हणत त्यांनी पहिला गठ्ठा यंत्रात ठेवला. खर्र खर्र करत कागद आत ओढले गेले, दुसऱ्या बाजूने बाहेर पडले आणि पडद्यावर दिसू लागले. मग त्यांनी एक नंबर टाकून फाईल उघडून दाखवली. बाईंनी मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन, चार!" चार सेकंद! ज्या फाईलला त्या कधी वीस मिनिटं शोधत, ती चार सेकंदांत!

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा चार. बाईंनी त्या दिवशी इंजिनिअर बाईंना सतरा फायली काढायला लावल्या. अठराव्या वेळी त्या म्हणाल्या, "बाई, आता तुम्ही काढा, मी मोजते."

त्रेचाळीस हजार फायली होत्या. बेचाळीस मांडण्या, छताला टेकलेल्या. बाईंच्या अंगात वारं संचारलं होतं. यंत्राला कागद सुटे लागतात, त्यामुळे आधी पिना काढायच्या, टॅग सोडायचे. आणि दुसऱ्याच दिवशी यंत्रात एक लाल दोरा अडकला. यंत्र किंचाळलं, आतला रोलर फिरेना, अर्धा दिवस फुकट गेला. बाईंना तो अर्धा दिवस फार लागला. त्यांनी स्वतः कात्री उचलली.

"कापा!" त्या म्हणाल्या. "दिसला दोरा की कापा. मागे बघायचं नाही."

आणि त्यांनी कापले. त्या आणि स्कॅनिंगच्या एजन्सीची दोन माणसं, तिघांनी मिळून. फायलींचे पुठ्ठे सगळे सारखेच, म्हणून तेही यंत्रात घालायचे नाहीत, वेळ वाचेल, असंही बाईंनीच ठरवलं. पण दोरा फेकून द्यायचा हात काही होईना. चांगला सुती दोरा, कशाला तरी होईल. वॉर्डातून एक जुना उशीचा अभ्रा आणून त्यांनी त्यात सगळे दोरे भरले आणि तो खुंटीला टांगला. यंत्रातून निघालेले कागद बांधून, खोक्यांत कोंबून मागच्या अंगणात रचले जात होते. ते लगद्याच्या कारखान्यात न्यायला शनिवारी ट्रक येणार होता. रोज संध्याकाळी बाई रिकाम्या मांडण्या मोजत आणि घरी जाऊन आकडा सांगत.

शेवटची फाईल मंगळवारी झाली. बाईंनी तळघरात टाळ्या वाजवल्या. रिकाम्या खोलीत त्या इतक्या घुमल्या की त्यांनी पुन्हा वाजवल्या.

बुधवारी नर्सना शिकवायचं होतं. पहिल्या मजल्यावर मोठा पडदा लावला होता, बाई नव्या कपड्यांत, हातात काठी घेऊन उभ्या. नंबर टाका, हे दाबा, हे बघा पेशंटचं नाव, वय, मागची ऑपरेशनं. नर्सनीही "एक, दोन, तीन, चार" मोजलं. सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात मागून ऑपरेशन थिएटरच्या जुन्या सिस्टरनी हात वर केला.

"बाई, यात दोरा कुठं दिसतो?"

सगळ्या खो खो हसल्या. बाईही हसल्या. आणि हसता हसता त्यांचा चेहरा तसाच राहिला.

कारण दोरा कुठंच दिसत नव्हता. जुन्या कागदी फॉर्मवरचाच एक रकाना पडद्यावर होता, 'औषध सोसत नाही' असा. बाईंनी एक फाईल उघडली, रकाना रिकामा. दुसरी उघडली, त्यात नुसती एक आडवी रेघ. गेल्या एकतीस वर्षांत डॉक्टरांनी तो रकाना भरणं कधीच सोडून दिलं होतं. कशाला भरायचा? दोरा होता ना! फोन करायचा, बाई बांधतात. काही फायलींत कुठंतरी, कुठल्यातरी पानावर, डॉक्टरी अक्षरात एखादी ओळ असेलही. पण ती वाचावी हे सांगणारा दोरा उशीच्या अभ्र्यात होता, आणि तो बाईंनी स्वतःच्या कात्रीने कापला होता.

काठी टेबलावर ठेवून बाई खाली बसल्या. इंजिनिअर बाईंनी पाणी आणलं.

"कुणाला कळलेलं नाहीये अजून," त्या हळूच म्हणाल्या. "आपण आधी बघू या काय करता येतं ते."

"सिस्टरला कळलंय," बाई म्हणाल्या. "आणि मला कळलंय. बास झालं की."

त्या उठल्या आणि तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मोठे डॉक्टर दवाखान्याचे प्रमुख. कॉम्प्युटरच्या बाजूचे ते कधीच नव्हते, वरून आदेश आला म्हणून गप्प होते. बाईंना पक्कं माहीत होतं, आपण हे सांगितलं की त्यांना हवं ते निमित्त मिळणार. अकरा वर्षांची खटपट, दीड महिन्याची धावपळ, सगळं 'विचाराधीन' होऊन पुन्हा कपाटात जाणार. आणि नाही सांगितलं, तर सोमवारी कुणीतरी कुणाच्यातरी दंडात सुई खुपसणार. बाईंनी दार वाजवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

मोठ्या डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला काय सांगत होतो?"

"हो, साहेब."

"किती फायली?"

"लाल दोऱ्याच्या? आत्ता सांगता येणार नाही. दोरे जपून ठेवलेत, मोजून सांगते."

"आणि कुठला दोरा कुठल्या फाईलचा, ते?"

तेच तर कुणाला सांगता येत नव्हतं.

"शनिवारी दुपारी बारापर्यंत मला यादी द्या," मोठे डॉक्टर म्हणाले. "पूर्ण. एक जरी कमी असला, तरी सोमवार विसरा. ट्रक परत पाठवीन, अंगणातले कागद पुन्हा मांडणीत लावाल. आणि मी इथं असेपर्यंत हा विषय निघणार नाही."

बाई तळघरात परतल्या. त्यांनी अभ्रा खुंटीवरून काढला आणि टेबलावर उपडा केला. लालच लाल ढीग! काही नवे, भडक. काही जुने, विटकरी पडलेले. जुन्या सिस्टर ड्यूटी संपवून मदतीला आल्या. दोघींनी दहा-दहाच्या जुड्या केल्या. सहाशे अडतीस. पुन्हा मोजले. सहाशे अडतीस.

"त्रेचाळीस हजारांतले सहाशे अडतीस," सिस्टर म्हणाल्या. "बाई, तुम्हाला काही आठवतात का?"

बाईंना पुष्कळ आठवत होते. बसून त्यांनी चौऱ्याऐंशी नावं लिहिली आणि मग त्यांचं डोकं चालेना.

गुरुवारी सकाळी त्या आल्या तेव्हा इंजिनिअर बाई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. "बाई, एक सांगा," त्या म्हणाल्या, "या दोऱ्याची गाठ कुठं असायची?"

"उजव्या कोपऱ्यात. वर. काठापासून दोन बोटं."

"आणि भोक?"

"दाभणाचं. आरपार."

इंजिनिअर बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पडद्यावर बोट ठेवलं. उजव्या वरच्या कोपऱ्यात, काठापासून दोन बोटं, एक काळा ठिपका होता. त्यांनी पुढचं पान काढलं. ठिपका. त्याच्या पुढचं. तिथंही ठिपका.

"अहो, हा ठिपका बघून बघून मी वेडी झाले होते!" त्या ओरडल्या. "मला वाटलं माझ्या काचेवर धूळ आहे. पंधरा वेळा पुसली असेल मी काच! एका फाईलला ठिपका, पुढच्या साठ फायलींना नाही, मग परत ठिपका. शेवटी मी म्हटलं, मरो, शुक्रवारी सफाईचा प्रोग्रॅम लावते आणि सगळे काळे डाग एका फटक्यात पुसून टाकते!"

बाईंनी घाईने त्यांचा हात धरला. "पुसू नका हं!"

"छे हो! आता तर तेच शोधायला लावते."

दोरा गेला होता, पण भोक राहिलं होतं! बाईंनी स्वतःच्या हाताने, दाभणाने, एकतीस वर्षं पाडलेली भोकं यंत्राने इमानेइतबारे टिपली होती. बाईंनी इंजिनिअर बाईंना मिठीच मारली. चष्मा परत कपाळावर गेला. "अगं, तू आधी का नाही विचारलंस मला?" बाई म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून बाईंच्या तोंडचं 'अहो' सुटलं.

दुपारपर्यंत प्रोग्रॅम तयार झाला: पान उघड, उजवा वरचा कोपरा बघ, काळा ठिपका असेल तर नंबर लिही. पडद्यावर नंबर पडायला लागले. दर नंबराला बाई खुर्चीतून उडत होत्या. कुठं चहाचा डाग निघे, कुठं कसरीने खाल्लेलं भोक, कुठं कुणा डॉक्टरने विचार करता करता पेन टेकून केलेलं टिंब. बाई एक नजर टाकत आणि सांगत, "हे कसरीचं. हे माझं. हे माझं. हा डॉक्टर, हा असाच होता, टेबलांनासुद्धा भोकं पाडायचा." स्वतःचं भोक त्यांना लांबून ओळखू येत होतं. वर सिस्टर एकेका नंबराला फोन लावत होत्या, तुम्हाला कुठलं इंजेक्शन सोसत नाही हो, आणि उत्तर रकान्यात भरत होत्या. माणसं गोंधळत होती, काही घाबरत होती, एकाने तर "मी आता बरा आहे" म्हणून फोन ठेवून दिला. त्याला पुन्हा लावला.

गुरुवारी संध्याकाळी दोनशे बारा. शुक्रवारी दुपारी पाचशे. जिन्यावर, कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये जो तो विचारी, "किती झाले?" आणि बाई न थांबता आकडा फेकून पुढे जात. शुक्रवारी सहा वाजता यंत्र थांबलं. त्रेचाळीस हजार फायली संपल्या.

सहाशे सदतीस.

"अगं, नीट बघ," बाई म्हणाल्या.

"बघितलं. सहाशे सदतीस."

सगळा ढीग पुन्हा मोजला. दोरे सहाशे अडतीसच. यंत्राला पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा धावायला लावलं आणि दोघी आपापल्या घरी गेल्या. त्या दिवशी बाईंना घास गेला नाही. जाऊबाईंनी दोनदा विचारलं, मग चिडून म्हणाल्या, "एक दोरा कमी पडला म्हणून कुणी उपाशी राहतं? घे माझ्या परकराचा!"

"तसं नाही हो, जाऊबाई. तो एक कुणीतरी माणूस आहे."

"असेल की. सापडेल. तुला सगळं सापडतं." असं म्हणून त्यांनी ताट पुन्हा पुढे सरकवलं.

शनिवारी सकाळी आठला यंत्राने तोच आकडा दाखवला. अंगणात ट्रक येऊन उभा राहिला होता. ड्रायव्हर खोक्यांवर बसून पाय हलवत होता. साडेनऊ वाजले, दहा वाजले. इंजिनिअर बाई म्हणत होत्या की, एखादा दोरा तुटून दोन तुकडे झाला असेल, बाई; एकाचे दोन मोजले असतील. म्हणायला सोपं होतं. मोठ्या डॉक्टरांनीही कदाचित ऐकलं असतं. पण बाईंना ते पटेना. त्यांनी सगळ्या जुड्या सोडल्या आणि एकेक दोरा उजेडात धरून बघायला सुरुवात केली. प्रत्येक दोऱ्याला एका जागी पीळ पडलेला, भोकातून ओवल्याची खूण. तुटका एकही नाही.

पावणेअकराला एक हातात आला त्याला पीळ नव्हता. लांबही जास्त होता, चांगला हातभर, आणि चपटा. तो दोरा नव्हताच. रिबीन होती. केसांची. इतकी विटलेली, इतकी गुंडाळलेली, की दोऱ्यांच्या ढिगात दोऱ्यासारखीच दिसत होती. ही भोकातून ओवलेलीच नव्हती. फाईलच्या भोवती नुसती बांधली होती, कारण ती बांधली तेव्हा दाभण नव्हतं, नियम नव्हता, काहीच नव्हतं. एक घाबरलेली, सत्तावीस वर्षांची, नोकरीला लागून महिना झालेली कारकून होती, आणि तिच्या वेणीला ही रिबीन होती.

"सापडली," बाई म्हणाल्या. मग खुर्ची मागे सारून उठत म्हणाल्या, "अगं, सापडली!"

"कोण? नंबर सांगा!"

पण बाई जिन्यात होत्या.

घर दहा मिनिटांवर. बाईंनी ते सहा मिनिटांत गाठलं, गुडघ्याची पर्वा न करता. जाऊबाई खिडकीशी बसून मटार सोलत होत्या, अर्धे भांड्यात, अर्धे तोंडात. बाई दारात उभ्या राहिल्या, रिबीन हातात, आणि आधी हसायलाच लागल्या. त्रेचाळीस हजार फायली धुंडाळल्या आणि राहिलेला पेशंट घरी मटार खातोय!

"काय गं, काय झालं? वेड लागलं का?"

"जाऊबाई, तुम्ही! सहाशे अडतिसाव्या तुम्ही आहात!"

मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. एकतीस वर्षं पोटात ठेवलेलं. तुम्हाला ताप आला होता, आठवतंय? ॲडमिट केलं होतं? तळघरातून तुमची फाईल मीच वर नेऊन दिली. जाडजूड फाईल, माझ्या हातांनी. तुम्हाला इंजेक्शन दिलं आणि तुमचा चेहरा सुजला, ओठ निळे पडले, श्वास अडकला. एक डॉक्टर तिथंच होते म्हणून वाचलात. नंतर मी फाईल चाळली तर एकेचाळिसाव्या पानावर लिहिलेलं होतं, हे इंजेक्शन या बाईंना देऊ नये. बाळंतपणाच्या वेळचं. एकेचाळिसाव्या पानावर कोण जातंय! मी वेणीची रिबीन सोडली आणि फाईलला बांधली. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांसाठी दोरा आणि दाभण आणलं, तुमची रिबीन तशीच राहू दिली.

"मला तर तापाने झालं म्हणून सांगितलं होतं सगळ्यांनी," जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्ही घाबराल म्हणून. आणि मी... मलाही सांगवलं नाही. फाईल मी नेली होती."

एवढी सगळी माणसं आठवली, चौऱ्याऐंशी नावं लिहिली, आणि घरचं माणूस काही आठवलं नाही. बाई स्वतःशीच चिडल्या होत्या. पण त्यांना जाऊबाईंसाठी दोऱ्याची गरज कधी पडलीच नव्हती. जाऊबाई दवाखान्यात आल्या की बाई बरोबर असत. तो दोरा त्याच होत्या. आणि महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या, सोमवारी डोळ्याच्या ऑपरेशनला आत जायची परवानगी त्यांनाही नव्हती. हे त्यांच्या आत्ता, इतक्या उशिरा, लक्षात आलं.

जाऊबाईंचं मात्र भलतीकडेच लक्ष होतं. त्यांनी मटाराची शेंग खाली ठेवली.

"म्हणजे मी कधीही तिथं आले की नर्स मला आधी विचारायच्या, बाकीच्यांना नाही विचारायच्या, ते या चिंधीमुळे?"

"हो."

"मला वाटायचं, मी तुझी जाऊ म्हणून विचारतात. मी शेजारणींना सांगितलंय तसं. किती वर्षं सांगतेय!"

बाईंना हसू आवरेना. "नाही हो, जाऊबाई. दोरा होता म्हणून."

जाऊबाईंनी मटाराचं भांडं बाजूला सारलं. दाणे संपेपर्यंत त्या ते कधी सोडत नसत.

"पण दोरा तू का बांधलास? मी तुझी जाऊ म्हणूनच ना?"

"हो."

"मग एकच झालं की," जाऊबाई म्हणाल्या आणि पुन्हा शेंग उचलली. "जा आता. बारा वाजतील. आणि ती रिबीन इकडे ठेव, तुझ्या यंत्राला आता नकोय ती."

बाराला तीन मिनिटं कमी असताना सहाशे अडतीस नंबरांची यादी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर पडली. त्यांनी शेवटचं पान काढून शेवटचा नंबर वाचला, समोरचं आडनाव वाचलं आणि बाईंकडे पाहिलं. मग खिडकीतून ट्रकवाल्याला 'भरा' म्हणून हात केला. बाईंनी पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत न सांगता खुर्ची ओढली आणि बसल्या. दुपारी इंजिनिअर बाईंनी सहाशे अडतीस फायलींच्या कपाळावर एक लाल पट्टी आणली: 'थांबा. आधी विचारा.' पट्टी डावीकडे घालायची की मध्ये, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "उजवीकडे. वर. काठापासून दोन बोटं."

सोमवारी सकाळी बाईंच्या जिवात जीव नव्हता. ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत जाऊबाई हिरव्या कपड्यांत पलंगावर, शेजारच्या पलंगावर अशाच एक आजी, आणि बाई दाराबाहेर काचेला चिकटून. जुन्या सिस्टरची आज सुट्टी होती. आतली नर्स नवी होती, कालच बदलून आलेली. दोरा म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, बाई कोण हेही नव्हतं. तिने ट्रेमधून इंजेक्शन उचललं. दुसऱ्या हाताने नंबर टाकला. बाईंनी ओठांतल्या ओठांत मोजलं, एक, दोन, तीन, चार.

नर्सने इंजेक्शन खाली ठेवलं.

"आजी," ती म्हणाली, "तुम्हाला कुठलं इंजेक्शन सोसत नाही?"

जाऊबाईंनी आधी उत्तर दिलंच नाही. त्या शेजारच्या पलंगाकडे वळल्या आणि काचेबाहेरही ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघितलंत? मला आधी विचारतात. माझी जाऊ इथं आहे ना."